उजवीकडचा खालचा कोपरा

उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या होंकावारा गावात तौनो केरानेनच्या टॅक्सीवर चिखलाचा शिंतोडा पाहिलेला माणूस शोधून सापडायचा नाही. बाकी सगळं सापडेल. नवऱ्याशी वीस वर्षं न बोललेली बाई सापडेल, सरकारचं एकही पाकीट न फोडलेला शेतकरी सापडेल, अस्वलाला काठीनं हाकलल्याच्या थापा मारणारे तर ढिगानं. पण तौनोची गाडी मळलेली? छे, नाव सोडा.

काळी मर्सिडीज, डिझेलवर चालणारी, टपावर पिवळा दिवा. ही त्याची पाचवी टॅक्सी. पहिली घेतली तेव्हा तो बत्तीसचा होता. बाप जंगलातून घोड्यानं ओंडके ओढायचा. आधी घोड्याला खरारा, मग आपल्या पोटात भाकर, असा बापाचा नेम. घोडा गेला, गाडी आली, नेम तोच राहिला. चौतीस वर्षांत त्याच्या मागच्या सीटवर दोन पोरं जन्मली. दवाखान्यात नेलेली माणसं किती, आणि त्यातली परत आणायला जावंच लागलं नाही अशी किती, याचा हिशेब त्यानं ठेवला नाही. लोकांची भांडणं, रडणी, दारूच्या भरातल्या कबुल्या, सगळं त्याच्या पाठीमागं झालं. त्यानं आरशात नजर वर केली नाही आणि बाहेर चकार शब्द काढला नाही.

होंकावारात बोलणं तसंही महागच. एखाद्याच्या टोपीला आग लागली, तर शेजारी आधी विचार करील, की त्याला कळलं असेलच, आपण कशाला सांगा. मी या गावात तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी या सवयीवर चरफडण्यात गेली. पण ते असो.

दर वर्षी नोव्हेंबर तोंडावर आला की गावाला दोन गोष्टी कळतात. एक, संतांच्या शनिवारी कबरींवर मेणबत्त्या लावायला जायचंय. दुसरी, त्याआधीच्या गुरुवारी तौनोची टॅक्सी मिळायची नाही. त्या दिवशी गाडीला मेण लागतं. त्यानंतर बर्फ धरू नये म्हणून मोठ्या रस्त्यावर मीठ पडतं, मग बर्फ, मग पुन्हा मीठ, ते थेट एप्रिलपर्यंत. मीठ पत्र्याला आतून खातं. मेण लावलं नाही, तर उन्हाळ्यात दाराच्या खालच्या कडेतून बोट आरपार जाईल.

त्या गुरुवारी शाळेची सकाळची फेरी संपवून तौनोनं गाडी जुन्या गोठ्यात घेतली. गायी कधीच विकल्या होत्या. शेगडी पहाटेच पेटवलेली होती, कारण थंड पत्र्यावर मेण नुसतं चिकटून बसतं. त्यानं सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बंबातलं कढत पाणी बादल्यांनी आणलं, गाडी दोनदा धुतली, चामड्यानं टिपली, खालच्या बाजूचे डांबराचे ठिपके रॉकेलच्या बोळ्यानं काढले. मग पुढच्या उजव्या चाकावरच्या पत्र्याकडं वळला. तिथं हातभर लांब ओरखडा होता, आणि ओरखड्यात हिरवा रंग.

सप्टेंबरात तो पहिल्यांदा सायमीला दिसला होता. सायमी म्हणजे त्याची बायको. "हे हिरवं कुठलं?" तिनं विचारलं होतं.

"सहकारी दुकानासमोर कुणीतरी घासलं असेल. हल्ली गाडी मागं घेता येते कुणाला?"

सायमी त्या ओरखड्याकडं बराच वेळ बघत राहिली, आणि मग कॉफी टाकायला आत गेली. कप तिनं त्याच्या डाव्या हाताशी ठेवला.

आता त्यानं घासायची पेस्ट घेतली आणि तो ओरखडा गोल गोल घासत बसला, हिरव्याचा मागमूस नाहीसा होईपर्यंत. मग मेण. एका वेळी एकच पत्रा: समोर उभं राहायचं, मेण पातळ लावायचं, वाळून धुरकट होऊ द्यायचं. आणि मग बटाट्याचं पीठ. इकडचे जुने टॅक्सीवाले हीच युक्ती करतात. पीठ कापडाच्या पुरचुंडीत बांधायचं, वाळल्या मेणावर थोपटायचं आणि मऊ फलालीनं पुसायचं. पीठ जास्तीचं मेण ओढून घेतं आणि खालचा काळा रंग असा वर येतो की त्यात बघून दाढी करावी. फलालीन सायमीच्या जुन्या गाऊनांची. पीठही सायमीचंच.

दुपारी ती गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. "तौनो, माझं पीठ कुठं गेलं?"

"गाडीला."

"आख्खा पुडा?"

"थोडं उरलंय."

"मग उद्याच्या बेरीच्या खिरीला दाटपणा तुझ्या मेणानं आणू का? लग्न माझ्याशी केलंस की हिच्याशी, ते एकदा सांगून टाक."

"हिला दर आठ वर्षांनी बदलतो," तौनो म्हणाला. "तुला कधी बदललं?"

सायमी हसली, पण पायरी उतरताना तिनं वळून गाडीकडं पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. तौनोला ते दिसलं नाही. तिन्हीसांजेला त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. एकुलत्या दिव्याखाली ती काळीभोर चमकत होती. झालं म्हणून त्यानं दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, शाळेची फेरी. आमच्याकडं दूरच्या शेतांवरची पोरं टॅक्सीनं शाळेत जातात. तौनोकडं सहा पोरं होती. त्यातली सर्वांत लहान वीर्पी, रासिलांच्या शेतावरची, पहिलीत गेलेली. आमच्याकडं गाड्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून ती रस्त्याच्या उजव्या कडेला दुधाच्या चौथऱ्यापाशी थांबायची. पूर्वी दुधाचे कॅन त्या लाकडी चौथऱ्यावर ठेवत. आता दूध टँकरनं जातं, चौथरा पोरांना बसायला उरला. पावणेआठचा अंधार होता. तौनोनं गाडी थांबवली. वीर्पी दिसेना. मिनिटभर वाट पाहिली. आजारी असेल, असं म्हणून त्यानं गियर टाकला, आणि तेवढ्यात मागचं दार उघडून वीर्पी आत आली.

"कुठं होतीस गं?"

"इथंच. गाडीपाशी."

"बरं," तौनो म्हणाला. मागं पोरं काहीतरी खुसखुसत होती. पोरं खुसखुसतातच.

शनिवारी दुपारी तो लेम्पीबाईंना न्यायला गेला. लेम्पी तुरुनेन, वय एक्याऐंशी, चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड. युद्धात सीमेपलीकडचं घरदार सोडून इकडं आलेली. चाळीस वर्षं झाली, पण होंकावाराचं गप्प बसणं काही शिकली नाही. तिच्या गावाकडं माणसं बोलत असत, आणि ती गावाच्या वाटणीचंही बोलायची. मेणबत्त्यांची पिशवी सांभाळत ती गाडीपाशी आली आणि थबकली.

"अगं बाई! तौनो, गाडी धुतलीस की हिच्यावर भाकरी थापल्यास?"

"काय झालं, लेम्पीबाई?"

"हे पांढरं काय? आणि मांजर कुणी काढलंय? मिशा बघ, कशा झोकात आल्यात!"

तौनो गाडीला वळसा घालून आला. त्याला चमकता काळा पत्रा दिसला, बाकी काही नाही. लेम्पीबाईंनी बोटानं दाखवलं. त्यानं मान खाली वळवली आणि मग दिसलं: मागच्या दाराच्या कोपऱ्यात तळहाताएवढं वाळलेलं पीठ, आणि त्यात बोटानं काढलेलं मांजर.

"राहिलं असेल एखाद्या ठिकाणी."

"एखाद्या? अरे, पुढच्या दारालाही आहे. हे बघ, डिकीलाही." म्हातारी काठी टेकत गाडीभोवती निघाली. पलीकडून तिचा आवाज आला. "इकडंही! समोर उभं राहिलं की प्रत्येक पत्र्याचा उजवीकडचा खालचा कोपरा. एक म्हणून चुकला नाही. तुला उजवीकडं खाली दिसत नाही की काय रे मेल्या? माझे डोळे एक्याऐंशीचे, मला दिसतंय!"

तौनो हसायला गेला, आणि हसू अर्ध्यावरच राहिलं. तो वाकला. पुढच्या दारापाशी नजर सरळ ठेवून त्यानं हात खाली नेला. डोळ्यांना काळा पत्रा दिसत होता, आणि बोटांना पीठ लागत होतं.

शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरनं पुढं त्याला समजावलं, की आतला दाब वाढून डोळ्याची कड हळूहळू मरते. समोरचं लख्ख दिसत राहतं. मेलेल्या जागी भोक दिसत नाही की अंधार दिसत नाही. आजूबाजूला जे असेल, तेच मेंदू तिथं भरून देतो. काळ्या पत्र्यावर काळं, रिकाम्या रस्त्यावर रिकामा रस्ता. दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीत तौनोनं भिंतीवरच्या तक्त्यातली सर्वांत बारीक ओळ घडाघडा वाचली होती. तसा शिक्का मारलेला कागद घरी खणात होता.

पण त्या दुपारी त्याला हे काही माहीत नव्हतं. त्यानं लेम्पीबाईंना बसवलं आणि चर्चपर्यंतचे नऊ किलोमीटर असे चालवले की मागून दोन गाड्या भोंगे वाजवत पुढं गेल्या.

"अरे, मयताची गाडीसुद्धा जरा जोरात चालवतात," मागून लेम्पीबाई म्हणाल्या.

चार वाजता अंधारलं. दफनभूमीत सगळं गाव होतं आणि कुणी बोलत नव्हतं. बर्फ अजून पडायचं होतं, गवत दहिवरानं कडक झालेलं, आणि प्रत्येक दगडापाशी मेणबत्त्या. तौनोनं आईबापांच्या कबरीवर दोन लावल्या. मग एका लोखंडी क्रुसावर नजर खिळवून तो हललाच नाही. उजवीकडं खाली मेणबत्त्या नव्हत्या, नुसतं गवत होतं. त्यानं मान वळवली. सात मेणबत्त्या जळत होत्या. मान सरळ केली, गवत. पुन्हा वळवली. सात. सातवीच्या पलीकडं कुणाचं तरी लहान मूल उकिडवं बसून काडी ओढत होतं. त्यानं मान सरळ केली, आणि ते मूल नाहीसं झालं.

चौतीस वर्षांत तौनो केरानेन असा घाबरला नव्हता.

लेम्पीबाई नवऱ्याच्या कबरीवरून परत आल्या तेव्हा तो तिथंच उभा होता. त्यांनी त्याचं तोंड पाहिलं. "तौनो, मी आपली थट्टा केली रे."

"माहीत आहे."

"मग?"

"खरी निघाली."

परत न्यायला दुसरी गाडी नव्हती. तौनोनं पुढचं दार उघडलं. "लेम्पीबाई, पुढं बसा. उजवीकडं जे जे दिसेल ते बोलत राहा. थांबू नका."

"आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला हे सांगतंय," लेम्पीबाई म्हणाल्या. आणि त्या पुढं चढून बसल्या.

गाडी चालण्याच्या वेगानं निघाली. लेम्पीबाई काचेला नाक लावून बोलू लागल्या. "झाड. झाड. टपालपेटी. कुत्रं... नाही, दगड. झाड. रासिलांचं वळण आलं. दुधाचा चौथरा, हिरवा. कोपऱ्याची फळी फोडलीय कुणीतरी..."

तौनोनं ब्रेक दाबला.

"काय म्हणालात? कसला रंग?"

"हिरवा. गेल्या उन्हाळ्यात रासिलानं रंगवला नाही का? का रे?"

तो उतरला. दिव्याच्या उजेडात चौथऱ्यापाशी गुडघ्यावर बसला. फळीला हातभर लांब खोक पडली होती, आणि त्यानं नखानं खरवडलं तसा आतून काळा रंग निघाला. त्याच्या गाडीचा रंग. सप्टेंबरात रस्त्यावर नवी खडी टाकली होती, रोज खाली दगड आपटायचे. त्यातलाच एक आवाज समजून तो पुढं गेला असणार. त्यानं उंची पाहिली. फळी वीर्पीच्या कमरेच्या जरा वर येत होती. परवा ओरखड्यातला हा हिरवा रंग त्यानं आपल्या हातानं घासून काढला होता, आणि वर मेणही लावलं होतं.

आणि काल दिसेना झालेल्या वीर्पीनं ते मांजर कुठं बसून काढलं असणार? उजव्या मागच्या चाकापुढं. आणि त्यानं गियर टाकला होता.

घरी आल्यावर तो कोट न काढता स्वयंपाकघरात बसला. सायमीनं कॉफी आणली आणि कप डाव्या हाताशी ठेवला. तौनो त्या कपाकडं बघत राहिला.

"पूर्वी उजवीकडं ठेवायचीस."

सायमीनं कॉफीची किटली परत चुलीवर ठेवली.

"केव्हापासून, सायमी?"

"मागच्या हिवाळ्यापासून. तुझा हात लागून तीन कप फुटले."

"आणि तू बोलली नाहीस!"

"मला वाटलं, तुला कळलं असेल." ती खाली बसली. "नाही. खोटं कशाला बोलू? मला भीती वाटली. गाडी गेली तर तू काय करशील, दिवसभर या खिडकीत बसून काय होईल तुझं? म्हटलं, हा हिवाळा जाऊ दे, मग सांगू."

"त्या गाडीत सहा पोरं बसतात!" तौनो ओरडला. त्या घरात कुणी ओरडलेलं भिंतींनीसुद्धा ऐकलं नव्हतं. "सहा पोरं, सायमी! आणि रस्त्यावर किती असतात, देव जाणे!"

सायमी रडू लागली. तौनोला तिचा संताप आला होता, आणि मग तो संताप वळून त्याच्यावरच आला. फुटलेले कप त्यालाही माहीत होते. तीन वेळा त्यानं कपालाच दोष दिला होता.

रविवारी सकाळी त्यानं खणातून डॉक्टरचा कागद काढला. मुदत अजून वर्षभर होती. कायद्यानं त्याचे डोळे उत्तम होते. लेम्पीबाई बोलतील, पण लेम्पीबाईंचं कोण ऐकतं? सायमी बोलणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मान जरा जास्त वळवली, हळू चालवलं, तर एक हिवाळा सहज निघेल. कोपरे पुसून घेतले की गाडी पुन्हा आरसा. हे सगळे विचार त्याच्या मनात आले, आणि तो काही संत नव्हता, त्यानं ते नीट पूर्ण केले. मग फलालीन घेऊन गोठ्यात गेला. मान वाकडी करून, बोटांनी चाचपत एकेक कोपरा पुसला. मागच्या उजव्या दारापाशी आला. मांजराला एक कान मोठा होता, एक लहान. तो दुधाच्या स्टुलावर बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.

घरात येऊन त्यानं शेजारच्या गावातल्या आर्मास टॅक्सीवाल्याला फोन लावला.

"आर्मास, उद्यापासून माझी शाळेची फेरी तू घे."

"घेतो. किती दिवस?"

"कायमची."

"काही झालं का रे, तौनो?"

"नाही," तौनो म्हणाला. "अजून काही झालेलं नाही."

सोमवारी पहाटे तो उठला, अंधारात गाडीवाल्यांना दिसावं म्हणून कोटाला चमकणारी चकती लावली आणि रासिलांच्या वळणापर्यंतचे तीन किलोमीटर चालत गेला. सायमीनं कुठं जातोस म्हणून विचारलं नाही. मग दार उघडून मागून हाक मारली आणि विचारलं. त्यानं सांगितलं.

वीर्पी चौथऱ्यावर बसून पाय हलवत होती.

"तौनोकाका, तू चालत? गाडी कुठंय?"

"गोठ्यात. आता आर्मासकाका न्यायला येईल. रोज."

"माझं मांजर पुसलंस?"

"सगळी गाडी पुसली. मांजर तेवढं ठेवलंय."

वीर्पी खूश झाली. तौनोनं फोडलेल्या फळीवर हात ठेवला. विचारायचं त्याच्या जिवावर आलं होतं. "वीर्पी, माझी गाडी इथं घासली, तेव्हा तू कुठं होतीस?"

"इथंच," म्हणत ती खाली उतरली आणि फळीच्या खोकेपुढं पाठ लावून उभी राहिली. खोक तिच्या कमरेच्या वर, बरोबर बरगडीशी आली. "अशी. मग गाडी जवळ आली, तशी मी वर उडी मारली."

"मग तू बोलली का नाहीस गं?"

"तू काही बोलला नाहीस," वीर्पी म्हणाली. "मला वाटलं, तुला माहीत आहे."

सात वर्षांची पोर, आणि गावाचं सगळं शिकून तयार. तौनो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला, म्हणजे ती त्याच्या डोळ्यांच्या अगदी समोर आली.

"मला माहीत नव्हतं. मला इकडचं दिसत नाही. या बाजूचं, खालचं. तू तिथं होतीस आणि मला दिसली नाहीस. कळलं? आता ऐक. यापुढं काहीही येताना दिसलं की ओरडायचं. समोरच्याला माहीत असो की नसो. मोठा माणूस असला तरी ओरडायचं."

वीर्पीनं विचार केला. "आत्तापण?"

"आत्ता काय दिसतंय?"

"गाडी येतेय. तुझ्या त्या बाजूनं."

तौनोनं तिकडं मान वळवली नाही. त्यानं वीर्पीचा हात धरला, तिला आपल्या डाव्या अंगाला घेतलं आणि तिच्यासकट रस्त्यापासून दोन पावलं मागं सरला.

"मग ओरड की."

"गाडी आलीऽऽऽ!" वीर्पी बेंबीच्या देठापासून ओरडली. रासिलांचं कुत्रं भुंकायला लागलं, घरातला दिवा लागला, आणि तिची आई काय झालं म्हणून अंगणात धावत आली. आर्मासनं गाडी थांबवली. वीर्पी आत बसेपर्यंत आणि दार नीट लागेपर्यंत तौनोनं दारावरचा हात काढला नाही.